सामाईक पाटी

एका बाइटमध्ये २५५ पर्यंतचाच आकडा मावतो. त्यात आणखी एक मिळवला की जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा तो फिरून शून्यावर येतो. १७ जानेवारी १९८७ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा शहरात हा शाळकरी हिशेब एका रुग्णाच्या जिवावर बेतला.

थेरॅक-२५ हे कर्करोगाच्या गाठीवर किरणांचा मारा करणारं यंत्र कॅनडातल्या ‘अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड’ या सरकारी कंपनीने बनवलं होतं. आधीच्या थेरॅक-२० मध्ये चुकीच्या स्थितीत किरण सुटू नयेत म्हणून प्रोग्रॅमपासून स्वतंत्र असे अडसर यंत्रातच बसवलेले होते. नव्या यंत्रात ते काढले आणि ती जबाबदारी पीडीपी-११ संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रॅमवर सोपवली. त्या प्रोग्रॅममध्ये ‘क्लास ३’ नावाचं एका बाइटचं व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायची नाव दिलेली जागा, होतं. तयारीची चाचणी घेणारा भाग त्यात आकडा लिहायचा, देखरेख करणारा दुसरा भाग तो वाचायचा. आकडा शून्य असेल तर किरणांच्या वाटेतल्या फिरत्या तबकडीची जागा तपासायची गरज नाही आणि शून्य नसेल तर तपासायची, असा दोघांमधला संकेत होता. ‘तपासणी हवी’ हे सांगण्यासाठी पहिला भाग दर फेरीला त्या आकड्यात एक मिळवत राही. रुग्णाची तयारी होईपर्यंत अशा शेकडो फेऱ्या होत, आणि दर २५६ व्या फेरीला, निमिषभर, तिथे शून्य असे. याकिमात ऑपरेटरने ‘सेट’चं बटण दाबलं ते नेमकं त्या निमिषात. तबकडी चुकीच्या जागी होती आणि तपासणी झालीच नाही. एकूण ८६ रॅडचा उपचार ठरलेल्या रुग्णाला ८,००० ते १०,००० रॅडची मात्रा मिळाली असावी, असा नंतरचा अंदाज आहे. एप्रिलमध्ये तो रुग्ण दगावला.

दुरुस्ती एका ओळीची होती. एक मिळवत राहण्याऐवजी शून्य नसलेला एक ठरावीक आकडा लिहायचा, एवढंच.

जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात थेरॅक-२५ चे असे सहा अपघात झाले. टेक्सासमधल्या टायलर गावी १९८६ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये झालेल्या दोन अपघातांचं कारण वेगळं होतं, पण कूळ तेच. ऑपरेटरने क्ष-किरणांसाठीचं अक्षर चुकून दाबलं आणि झटकन मागे जाऊन ते इलेक्ट्रॉनसाठी बदललं. यंत्रातली चुंबकं जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्यात केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसली, पण प्रोग्रॅमच्या एका भागाला ती कळलीच नाही, कारण दोन भाग एकाच व्हेरिएबलमधून एकमेकांशी बोलत होते आणि कुणी कधी लिहायचं, कुणी कधी वाचायचं, याचा बंदोबस्त कुठेच नव्हता. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या अपघातांचा जो तपशीलवार अहवाल प्रसिद्ध केला, तो आजही जगभरच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांत वाचला जातो.

प्रोग्रॅमच्या कुठल्याही भागाला वाचता येतं आणि बदलता येतं अशा जागेला ‘ग्लोबल व्हेरिएबल’ म्हणतात. चावडीवर टांगलेली पाटी समजावी. कुणीही यावं, वाचावं, पुसावं, नवं लिहून जावं. गावात दहा घरं असतील तर पाटीसारखी सोय नाही. गाव वाढलं की सकाळी लिहिलेलं दुपारी कुणी पुसलं, याचा पत्ता लागत नाही. याच्या शेजारी दुसरा शब्द ठेवायला हवा, तो म्हणजे ‘मेमरी सेफ्टी’. प्रोग्रॅमने मेमरीतल्या फक्त आपल्या जागेला हात लावावा, ती आपली असेपर्यंतच लावावा आणि तिथे जे ठेवलं असेल तेच समजून वाचावं, एवढीच ती अपेक्षा. पाठ्यपुस्तकं पहिला विषय ‘चांगल्या सवयी’च्या धड्यात घालतात आणि दुसरा ‘सुरक्षितते’च्या. पण साठ-सत्तर वर्षांचा इतिहास एका ओळीत लावून पाहिला तर दोन्हींच्या तळाशी एकच प्रश्न दिसतो: मेमरीतली ही जागा कुणाची, आणि तिच्यात लिहिण्याचा हक्क आत्ता कुणाचा?

हा प्रश्न आरंभी कुणी विचारला नाही, कारण जागाच इतकी थोडी होती की ती वाटून घेण्यावाचून इलाज नव्हता. जॉन बॅकस यांच्या चमूने आयबीएम ७०४ या संगणकासाठी १९५७ मध्ये फोरट्रान ही भाषा बाहेर आणली. त्या यंत्राची मेमरी ४,०९६ शब्दांपासून फार तर ३२,७६८ शब्दांपर्यंत. पुढच्याच वर्षी आलेल्या फोरट्रान-२ ने प्रोग्रॅमचे तुकडे वेगवेगळे लिहायची सोय केली आणि त्या तुकड्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ‘कॉमन’ हा शब्द दिला. कॉमन म्हणजे मेमरीतला एक सामाईक पट्टा. त्यातली गोम अशी की तुकड्यांमध्ये नावं जुळायची गरजच नव्हती, जुळायचा तो फक्त क्रम. एका तुकड्याने पहिल्या घराला ‘दाब’ म्हटलं आणि दुसऱ्याने त्याच घराला ‘तापमान’ म्हटलं, तरी कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, गप्प बसे. एकाने तिथे अपूर्णांक ठेवला आणि दुसऱ्याने तो पूर्णांक म्हणून वाचला तरीही गप्प. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. तिथे पंचकार्डांचे गठ्ठे घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या संशोधकांच्या पिढीला फोरट्रानचा हा कॉमन पट्टा हवामानाइतकाच गृहीत होता.

युरोपात मात्र त्याच सुमाराला वेगळा विचार चालू होता. १९६० च्या अल्गोल भाषेत ‘बिगिन’ आणि ‘एंड’ या दोन शब्दांच्या मध्ये जाहीर केलेलं व्हेरिएबल त्या चौकटीबाहेर दिसतच नसे. घराला भिंती आल्या, त्या इथे. या भाषेचा कंपायलर इंग्लंडमधल्या एलियट ब्रदर्स कंपनीत टोनी होर या तरुणाच्या हाताखालच्या चमूने लिहिला आणि त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं: अ‍ॅरेतलं (ओळीने मांडलेल्या घरांच्या रांगेतलं) एखादं घर मागितलं की ते घर खरोखर त्या अ‍ॅरेच्या हद्दीत आहे का, हे प्रत्येक वेळी, प्रोग्रॅम चालू असताना, तपासायचं. यात वेळ जाई. काही वर्षांनी कंपनीने गिऱ्हाइकांना विचारलं, वेग हवा असेल तर ही तपासणी बंद करायची सोय देऊ का? सगळ्यांनी एकमुखाने नाही म्हटलं. आपल्या रोजच्या वापरातल्या प्रोग्रॅममध्ये हद्द किती वेळा ओलांडली जाते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. होर यांना १९८० मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला तेव्हा भाषणात त्यांनी ही हकिकत सांगितली आणि इतक्या वर्षांनंतरही भाषा रचणाऱ्यांनी तो धडा घेतला नाही याची खंत बोलून दाखवली. हे भाषण आज वाचतानाही चटका बसतो. उत्तर हाताशी होतं, गिऱ्हाइकाची त्याला संमती होती, आणि तरीही जगाने दुसरी वाट धरली.

ती दुसरी वाट न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्समधून निघाली. डेनिस रिची आणि केन थॉम्प्सन युनिक्स ही कार्यप्रणाली घडवत होते. त्यांच्या पहिल्या पीडीपी-११ यंत्राची मेमरी होती २४ किलोबाइट. त्यातले १६ खुद्द युनिक्सला आणि उरलेले आठ वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅमला. १९७२ च्या सुमारास आकाराला आलेल्या सी भाषेवर या तंगीची खूण आहे. सीमध्ये अ‍ॅरे दुसऱ्याच्या हाती देताना फक्त त्याच्या पहिल्या घराचा पत्ता जातो. घरं किती आहेत ही माहिती सोबत जात नाही. अक्षरांची ओळ कुठे संपते हे कळायला शेवटी एक शून्य ठेवलेलं असतं. ते पुसलं गेलं तर वाचणारा शेजाऱ्याच्या अंगणातून पुढे चालत राहतो. आणि ग्लोबल व्हेरिएबल तर भाषेच्या पोटातच होतं. कार्यप्रणालीकडे मागितलेलं काम फसलं तर का फसलं याचा आकडा ‘एररनो’ नावाच्या एकाच सामाईक जागी लिहिला जाई. एका प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे समांतर धागे, चालायला लागले तेव्हा एकाची चूक दुसऱ्याच्या नावावर वाचली जाण्याची वेळ आली, आणि प्रत्येक थ्रेडला स्वतःचा वेगळा एररनो द्यावा लागला. बाहेरून ते नाव जसंच्या तसं ठेवून आतून ही जोडणी करण्यात आली, कारण जगभरचे प्रोग्रॅम त्या नावावर विसंबले होते.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सी शिकलेल्या कुणालाही एक शब्द आठवेल: ‘गार्बेज व्हॅल्यू’. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ हे पुस्तक हाताशी, समोर टर्बो सीचा निळा पडदा, आणि तोंडी परीक्षेला ठरलेला प्रश्न: फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलला किंमत दिलीच नाही तर छापल्यावर काय येईल? गार्बेज व्हॅल्यू. आणि तेच व्हेरिएबल ग्लोबल असेल तर? शून्य. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. ग्लोबल व्हेरिएबल प्रोग्रॅमच्या आरंभी शून्य करून मिळतं, आणि म्हणून नवशिक्याला ते अधिक भरवशाचं वाटतं. गार्बेज म्हणजे खरं तर त्या जागी आधी राहून गेलेल्याचं उरलेलं सामान, हे मात्र परीक्षेत फारसं कुणी विचारत नसे. ते सामान दुसऱ्याचा पासवर्डही असू शकतो, ही जाणीव फार उशिरा आली.

धोक्याची घंटा कुणी वाजवलीच नाही असं मात्र नाही. १९७२ मध्ये जेम्स अँडरसन यांनी अमेरिकी हवाई दलासाठी लिहिलेल्या अहवालात, दिलेल्या जागेपेक्षा मोठी माहिती पाठवून यंत्राचा ताबा कसा घेता येईल हे सांगितलेलं होतं. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९७३ मध्ये, कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी ग्लोबल व्हेरिएबलवर थेट आरोपपत्र ठेवणारा लेख प्रसिद्ध केला. पाच वर्षांपूर्वी एड्सखर डाइकस्ट्रा यांनी ‘गो टू’ या आज्ञेविरुद्ध लिहिलेल्या प्रसिद्ध पत्राच्या मथळ्याचा धागा त्यांनी मुद्दाम पकडला होता. त्यांचं म्हणणं असं: गो टूमुळे प्रोग्रॅम कुठून कुठे जातो हे कळेनासं होतं, तसं ग्लोबल व्हेरिएबलमुळे माहिती कुठे बदलली हे कळेनासं होतं. अल्गोलच्या भिंतींनीही भागत नाही, कारण बाहेरच्या चौकटीतलं सगळं आतल्या प्रत्येक चौकटीला आपोआप दिसतं. दाखवायचं की नाही, हे ठरवायचा हक्क कुणालाच नाही.

यावर उपाय सुचले, आणि ते आजच्या भाषांच्या किती जवळ होते हे पाहून अचंबा वाटतो. पेर ब्रिंक हान्सेन यांची १९७५ ची कन्करंट पास्कल भाषा, एकाच वेळी चालणाऱ्या कामांना सामाईक माहितीला थेट हात लावूच देत नसे. माहिती एका ‘मॉनिटर’च्या ताब्यात असे, एका वेळी एकच काम आत जाई आणि नियम मोडला तर कंपायलर प्रोग्रॅम नाकारत असे. १९७७ च्या युक्लिड भाषेत बाहेरचं व्हेरिएबल वापरायचं असेल तर त्याचं नाव आयात यादीत स्पष्ट लिहावं लागे, आणि एकाच जागेला दोन नावांनी हात लावणं वर्ज्य होतं. दोन्ही भाषा संशोधकांच्या वर्तुळात राहिल्या. युनिक्स विद्यापीठाविद्यापीठांतून पसरत होतं आणि त्याच्याबरोबर सी.

२ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी या पसाऱ्याची किंमत कळली. रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्रॅम इंटरनेटवरच्या यंत्रांमध्ये आपोआप शिरू लागला. त्याच्या वाटांपैकी एक होती ‘फिंगर’ ही सेवा: अमुक माणूस या यंत्रावर आहे का, असं विचारलं की ती उत्तर देई. प्रश्न साठवायला तिच्याकडे ५१२ बाइटची जागा होती आणि तो वाचायला सीच्या लायब्ररीतलं ‘गेट्स’ हे फंक्शन. गेट्सला जागा केवढी आहे हे सांगायची सोयच नाही. जेवढं येईल तेवढं ते ओतत राहतं. मॉरिसच्या प्रोग्रॅमने ५३६ बाइट पाठवले. जादा मजकूर शेजारच्या जागेत सांडला, तिथे होता काम संपल्यावर कुठे परतायचं याचा पत्ता. तो पत्ता बदलला आणि यंत्र मॉरिसच्या आज्ञा पाळू लागलं. तेव्हाच्या सुमारे ६०,००० यंत्रांपैकी ६,००० च्या आसपास बाधित झाली, असा अंदाज केला जातो. गेट्स हे फंक्शन सीच्या प्रमाणित व्याख्येतून काढून टाकलं गेलं २०११ मध्ये. मधली तेवीस वर्षं ते पुस्तकांत होतं, प्रयोगवह्यांत होतं, आणि दर वर्षी नवी मुलं ते शिकत होती.

सामाईक पाटीचा सर्वांत उघडा नमुना मात्र पुढच्या दशकात वेबवर दिसला. पीएचपी या भाषेत ‘रजिस्टर ग्लोबल्स’ नावाची एक सोय होती. ब्राउझरच्या पत्त्याच्या ओळीत जे लिहाल ते थेट प्रोग्रॅमचं ग्लोबल व्हेरिएबल होई. हा वापरणारा व्यवस्थापक आहे की नाही, हे एका व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं असेल आणि त्याला आरंभी किंमत द्यायची राहून गेली असेल, तर पाहुण्याने पत्त्यात ते नाव आणि ‘१’ एवढं लिहिलं की तो व्यवस्थापक. २००२ मध्ये ही सोय मुळात बंद स्थितीत द्यायला सुरुवात झाली आणि २०१२ मध्ये ती भाषेतून गेली.

जावा आणि तिच्या जातीच्या भाषांनी मेमरीचा अर्धा प्रश्न सोडवला. हद्दीची तपासणी परत आली आणि न लागणारी जागा मोकळी करायचं काम माणसाकडून काढून यंत्राकडे दिलं. ही कल्पना जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेत १९६० पासून होतीच. पण ‘स्टॅटिक’ या नावाखाली ग्लोबल व्हेरिएबल तिथेही राहिलं, आणि दोन थ्रेडनी ते एकाच वेळी बदलू नये याची काळजी प्रोग्रॅमरच्या लक्षात राहण्यावर सोडलेली होती. ब्रिंक हान्सेन यांनी १९९९ मध्ये यावर संतापून निबंध लिहिला. पंचवीस वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न पुन्हा उघडा टाकल्याचं दुःख त्यात आहे.

आकडे जमा होत गेले. ७ एप्रिल २०१४ रोजी उघड झालेल्या ‘हार्टब्लीड’ या दोषात ओपनएसएसएल लायब्ररी समोरच्याने सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवून एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत शेजारची मेमरी परत पाठवत होती, आणि त्यात गुप्त किल्ल्याही असत. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये सांगितलं की दर वर्षी दुरुस्त होणाऱ्या त्यांच्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरी सेफ्टीचे असतात. पुढच्या वर्षी क्रोम ब्राउझरच्या गंभीर दोषांबद्दल गूगलनेही तोच आकडा दिला. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका अद्ययावतीकरणाने जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली. कोड पुरवत होता २० नोंदी, आणि वाचणारा मागत होता एकविसावी. त्या दिवशी भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. अ‍ॅरेची हद्द ओलांडणं म्हणजे काय, हे सामान्य माणसाच्या हातात कागदाच्या रूपाने आलं.

या सगळ्याला उत्तर म्हणून ज्या भाषेचं नाव आज सर्वाधिक घेतलं जातं, तिची सुरुवात लिफ्टपासून झाली. २००६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात ग्रेडन होर हे मोझिला या संस्थेतले प्रोग्रॅमर घरी आले तेव्हा इमारतीची लिफ्ट बंद होती. तिचा प्रोग्रॅम कोसळला होता. ग्रेडन होर एकविसाव्या मजल्यावर राहत. लिफ्टसारख्या यंत्रांचे प्रोग्रॅम सीमध्ये किंवा सी++ मध्ये लिहिलेले असतात आणि मेमरीच्या चुकांनी कोसळतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फावल्या वेळात नवी भाषा रचायला घेतली आणि एका चिवट बुरशीवरून तिला ‘रस्ट’ नाव दिलं. २००९ मध्ये मोझिलाने तिला आधार दिला आणि १५ मे २०१५ रोजी १.० आवृत्ती आली.

रस्टचे नियम मराठी माणसाला समजवायला सातबारा पुरेसा आहे. प्रत्येक जागेला एक मालक. मालक गेला की जागा मोकळी. मालक ती दुसऱ्याला वापरायला देऊ शकतो, पण दोनच प्रकारे: वाचायला हव्या तितक्यांना, किंवा बदलायला एका वेळी एकालाच. आणि वापरणारा मालकापेक्षा जास्त जगता कामा नये. हे सगळं प्रोग्रॅम चालण्याआधीच कंपायलर तपासतो आणि नोंद जुळली नाही तर प्रोग्रॅम तयारच होत नाही.

मग ग्लोबल व्हेरिएबलचं काय? तिथे हा सातबारा अडतो. ते कुणा एकाच्या मालकीचं नसतं, प्रोग्रॅम संपेपर्यंत संपत नाही आणि कुठल्याही थ्रेडमधलं कुठलंही फंक्शन त्याच्यापर्यंत पोचू शकतं. ‘एका वेळी एकच लिहिणारा’ हे कंपायलरला सिद्ध करता येत नाही. म्हणून न बदलणारं ग्लोबल रस्टमध्ये मुक्त आहे, पण बदलता येणारं, म्हणजे ‘स्टॅटिक म्यूट’, वापरायचं तर ‘अनसेफ’ असा शब्द लिहावा लागतो: इथली जबाबदारी माझी, असं सही करून दिल्यासारखा. सीमधून आलेल्यांना हे जाचक वाटतं, आणि त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. साधा मोजणीचा आकडा ठेवायला एवढा सोपस्कार? पण थेरॅकच्या ‘क्लास ३’ ला असा सोपस्कार असता तर निदान कुणीतरी त्या ओळीपाशी थांबलं असतं.

रस्टने दाखवलेली वाट कुलुपाची आहे, आणि तिथे या भाषेतलं सर्वांत सुंदर काम दिसतं. सीमध्ये कुलूप एक व्हेरिएबल असतं आणि जिचं रक्षण करायचं ती माहिती दुसरं. कोणतं कुलूप कोणत्या माहितीचं, हे शेजारच्या टिपणीत लिहिलेलं असतं, फार तर. रस्टच्या ‘म्यूटेक्स’मध्ये माहिती कुलपाच्या पोटात असते. कुलूप उघडल्याशिवाय आतल्या वस्तूला बोटही लावता येत नाही, आणि उघडणारा बाहेर पडला की ते आपोआप लागतं. ग्लोबल जागी ठेवायची, पहिल्या वापराच्या वेळी एकदाच तयार होणारी पेटीही आधी बाहेरच्या लायब्ररीतून आणि २०२३-२४ मध्ये प्रमाणित लायब्ररीत आली. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या स्विफ्ट भाषेच्या सहाव्या आवृत्तीनेही बदलत्या ग्लोबल व्हेरिएबलला असाच रखवालदार सक्तीचा केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या रस्टच्या ‘२०२४ एडिशन’मध्ये तर स्टॅटिक म्यूटकडे निर्देश करणारा संदर्भ घेणंसुद्धा, वेगळी परवानगी लिहून दिली नाही तर, कंपायलर नाकारतो.

त्याच एडिशनमध्ये आणखी एक बदल झाला, आणि तो रस्टने स्वतःच्या चुकीची दिलेली कबुली आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासून प्रत्येक प्रोग्रॅमला ‘एन्व्हायर्नमेंट’ नावाची एक यादी मिळते: घरची डिरेक्टरी कोणती, टाइमझोन कोणता, असं. सीच्या जगात ही यादी एक ग्लोबल व्हेरिएबलच आहे. रस्टमधून ती बदलणारं ‘सेट-व्हार’ हे फंक्शन २०१५ पासून सुरक्षित गणलं जात होतं. रस्टने स्वतःपुरतं त्यावर कुलूपही घातलं होतं. पण त्याच प्रोग्रॅममध्ये जोडलेल्या सीच्या लायब्रऱ्यांना त्या कुलपाचा पत्ता नव्हता. स्थानिक वेळ काढणारं सीचं फंक्शन टाइमझोन त्याच यादीतून वाचतं. एक थ्रेड यादी बदलत असताना दुसऱ्याने किती वाजले असं विचारलं तर प्रोग्रॅम कोसळू शकत होता. २०२० मध्ये यावर अधिकृत इशारा निघाला. वेळेसाठीच्या एका लोकप्रिय लायब्ररीने टाइमझोनचा हिशेब सीला न विचारता स्वतः करायला घेतला. दुसरीने अनेक थ्रेड चालू असतील तर स्थानिक वेळ सांगायलाच नकार दिला.

२०२४ एडिशनने सेट-व्हारला अनसेफ ठरवलं. जुना प्रोग्रॅम नव्या एडिशनवर आणायला रस्टचंच एक अवजार मिळतं. ते सगळ्या ओळी धुंडाळतं, प्रत्येक सेट-व्हारभोवती अनसेफची चौकट घालतं, आणि प्रत्येकीच्या वर एक टीप ठेवून जातं: या क्षणी दुसरा कुठला थ्रेड चालू नाही ना, हे माणसाने तपासावं.